वाळूची गोणी

बसा, चुलीजवळ सरकून बसा. घाटात बर्फ पडला की आमच्याकडे वीज जायचीच. नाही गेली तर उलट लोक काळजीत पडतात. कंदिलात तेल आहे, चहा आहे, आणि रस्ता काही सकाळपर्यंत मोकळा होत नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर सावकाश देतो. एवढी सुरेख जुनी मोटारसायकल, मग उजव्या बाजूला जोडलेली ती अवजड साइडकार काढून का टाकत नाही, असं तुम्ही विचारलंत. काढली की गाडी हलकी होईल, रुबाबदार दिसेल. खरं आहे. मी एकदा काढली होती.

गाडी माझ्या बाबांची. डोलोत त्यांचं नाव, आयुष्यभर मेंढ्या राखल्या. माझ्या आईला, झूराकानला, लग्न करून त्यांनी घरी आणलं तेही याच साइडकारमधून. तेव्हापासून ती तिची जागा. दर उन्हाळ्याला मेंढ्यांच्या मागोमाग दोघं वरच्या कुरणावर जायची. बाबा हँडलवर, आई बाजूला, मांडीवर चहाचा सामोवार घट्ट धरून. आई बरोबर नसली की बाबा तिच्या जागी वाळूची गोणी ठेवत. रिकामी साइडकार उजव्या वळणावर हवेत उचलली जाते आणि माणूस सरळ दरीत जातो, म्हणून. "तुझी सवत आहे ती," बाबा आईला चिडवायचे. "मग आज तिच्याच हातचं जेवा," आई म्हणायची आणि ताट मात्र वाढून ठेवायची.

मला चालवायला त्यांनीच शिकवलं. मागच्या सीटवर बसायचे आणि अवाक्षर बोलायचे नाहीत. गिअर बदलायला उशीर झाला की माझ्या डाव्या खांद्यावर बोटांनी दोनदा टकटक. बस. एवढीच त्यांची शाळा.

बाबा वसंतात गेले. गाडी त्यांच्या आधीच बंद पडून मागच्या कोठारात ताडपत्रीखाली उभी होती. माझं दुकान दुरुस्तीचं; गावभरच्या गाड्या मी चालत्या केल्या आणि घरची तेवढी तशीच राहिली.

आमच्यात दर गुरुवारी वारलेल्या माणसांसाठी बोरसोक तळतात, पिठाचे छोटे तुकडे. त्यांना खाता येत नाही, पण तळणीचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो. आईही तळायची. अशाच एका दुपारी मी पाना शोधायला कोठारात गेलो, तर आई साइडकारमध्ये बसलेली. डोक्याचा रुमाल हनुवटीखाली घट्ट गाठ मारून बांधलेला, प्रवासाला निघताना बांधते तसा. मांडीवर गरम बोरसोकची थाळी. ती बोलत होती, थांबून ऐकत होती, पुन्हा बोलत होती. एकदा तर लाजून हसली.

"आई, कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी म्हणजे? मला नवरे आहेत तरी किती?"

माझी बायको कलिपा म्हणाली, बोलू द्या, मन मोकळं होतं. मीही मान डोलावली. पण काही दिवसांनी आईनं मला अंगणात थांबवलं. "तुझे बाबा म्हणतात, डाव्या बाजूची रिंग तुटलीय. उगाच कार्बोरेटर खोलत बसू नकोस." कार्बोरेटर खोलायचा विचार मी त्याच सकाळी केला होता, आणि तो कुणालाही सांगितला नव्हता. इंजिन उघडलं. डाव्या पिस्टनची रिंग तुटलेली. मी स्वतःची समजूत घातली, की आईनं जन्मभर त्या इंजिनचा आवाज ऐकलाय, ओळखलं असेल तिनं.

शरद ऋतू सरेपर्यंत ती वाळत गेली. घरात घास उतरायचा नाही. जे काय खायची ते त्या साइडकारमध्ये बसून. मग एके दिवशी माझा हात हातात घेऊन म्हणाली, "गाडी होती तशी करून दे, बाळा. रंगसुद्धा तोच हिरवा. मग आम्ही निघू."

"निघू? कुठे?"

"वर."

वर त्या दिवसांत कुणी नसतं हो. मेंढ्या खाली आलेल्या, तंबू उतरवलेले, घाट बंद. त्या वाटेवर फक्त वारा असतो, आणि आमचं कब्रस्तान. 

त्याच आठवड्यात मेलिस दुकानात आला. माझा लहानपणचा मित्र, परदेशी पाहुण्यांना मोटारसायकलवरून डोंगर फिरवतो. बाबांच्या गाडीवर त्याचा कधीपासून डोळा. "उलारबेक, ऐक माझं. साइडकार काढ, मडगार्ड काप, रुंद हँडल घाल, वर काळा रंग. पाहुणे वेडे होतील! का संग्रहालय काढायचंय तुला?" एरवी मी त्याला हाकलून दिला असता. त्या दिवशी हो म्हणालो. गाडी पूर्वीसारखी झाली तर आई जाणार, आणि बदलली तर राहणार, एवढंच मला कळत होतं.

आई शेजारी नवं बाळ बघायला गेली होती तेव्हा मी बोल्ट सोडवले. साइडकार ओढत नेऊन गवताच्या गंजीमागे लपवली. गाडीला स्टँड नव्हता. तीन चाकांवर उभ्या राहणाऱ्या गाडीला हवा कशाला, म्हणून बाबांनी तो केव्हाच काढला होता. मी ती भिंतीला टेकवून ठेवली.

आई आली, दारात उभी राहिली. मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तिनं त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आता मी कुठे बसू?"

उत्तराची वाट न पाहता ती आत गेली.

त्या गुरुवारी तिनं कढई ठेवली नाही. अन्नाला शिवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "ते उपाशी असतील गं," एवढंच एकदा कलिपाला म्हणाली. जिला धरून ठेवायला मी हा उद्योग केला, ती माझ्या डोळ्यांसमोर हातातून निसटत होती.

दुसऱ्या दिवशी बर्फ असा दाट पडत होता की भरदुपारी दिवेलागण वाटावी. मडगार्ड कापायला म्हणून मी कोठाराकडे गेलो. दार उघडलं आणि तळणीचा वास आला. ताजा, गरम. आमच्या घरात तर कढई खुंटीवरून उतरली नव्हती.

गाडी भिंतीपाशी नव्हती. कोठाराच्या मधोमध उभी होती. दोन चाकांवर, कशाचाही आधार नसताना, ताठ.

"मेलिस...? पुरे झाली मस्करी. बाहेर ये."

 मागे वळून पाहिलं. अंगणातल्या बर्फात येणारी पावलं फक्त माझी. मी जवळ गेलो, डाव्या बाजूनं गाडीला ढकललं. हलली नाही. खांदा लावला, सगळं वजन टाकलं. तसूभर कलली नाही. तीन चाकांची गाडी उभी राहते ना, तश्शी. आणि मग उजवीकडून, जिथे काहीच नव्हतं तिथून, साइडकारच्या सीटची स्प्रिंग करकरली. कुणी बसल्या जागी सावरून बसावं तशी.

"बाबा...?"

करकर थांबली. पुढचं ऐकायला थांबल्यासारखी.

 मी तिथेच मातीत बसलो आणि मोठ्यानं रडलो. दाढी पिकायला लागलेला माणूस मी, पण लाज वाटली नाही. "बाबा, करून देतो. होती तशी करून देतो, हिरवीच. पण... तिला इतक्यात नेऊ नका. मला अजून हवी आहे ती."

बाहेर बर्फ पडत राहिला. बऱ्याच वेळानं उठून मी हँडलला हात लावला, तेव्हा गाडी हळूच कलली आणि सगळ्या वजनानिशी माझ्या अंगावर आली. पेंगुळलेलं लेकरू खांद्यावर येतं तशी. मी तिला धरून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

अंधार पडायच्या आत साइडकार जागेवर बसवली. आवाज ऐकून आई भिंत धरत दारापर्यंत आली, बघून गेली. मग आतून तिचा आवाज आला, "कलिपा, कढई उतरव गं."

पुढचा सगळा हिवाळा मी त्या गाडीवर घालवला. मेलिस यायचा, "संग्रहालयाचं तिकीट कुठे मिळतं?" म्हणून हिणवायचा, आणि शेवटी त्यानंच कुठल्या तरी जुन्या गोदामातून तो हिरवा रंग पैदा केला. आई आता रोज पोटभर जेवायची. मला मात्र एकेक बोल्ट आवळताना वाटायचं, आपण आपल्याच हातांनी तिच्या जाण्याची तयारी करतोय.

घाट उघडला तसे आम्ही निघालो. आई साइडकारमध्ये, रुमाल घट्ट, मांडीवर थाळी. मी मागे बघत नव्हतो. चढाला लागलो आणि माझा गिअर चुकला. डाव्या खांद्यावर दोनदा टकटक झाली.

 आईनं मान वळवून माझ्या पाठीमागे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चालवू द्या की त्याला त्याच्या पद्धतीनं."

वर पोचल्यावर ती गवतातून फिरली, थाळी एका दगडावर ठेवली, ऊन कलेपर्यंत बसून राहिली. मी लांब उभा होतो. आता ही उठणार नाही, असंच मला वाटत होतं. तेवढ्यात ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल घरी. कलिपा एकटी आहे."

"आणि... बाबा?"

"ते म्हणाले, पोरगा घाबरलाय, तू राहा त्याच्यापाशी."

त्यानंतर कितीतरी उन्हाळे आम्ही वर गेलो. ती वारली, गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात, झोपेत. सकाळी कलिपा उठवायला गेली तेव्हा आईच्या डोक्याला रुमाल होता, हनुवटीखाली घट्ट गाठ मारलेला. झोपताना ती कधी रुमाल बांधत नसे. कोठारात गेलो तर इंजिन गरम होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला आज सांगतोय.

घाट उघडल्यावर मी एकटाच वर निघालो. मन थाऱ्यावर नव्हतं, गोणी ठेवायची राहिली. नदीच्या वरचं ते उजवं वळण आलं, गाडी आत घातली, आणि मग आठवलं. साइडकार रिकामी! थांबायला वेळ नव्हता. मी डोळेच मिटले. पण चाक उचललं नाही. जमिनीला धरून, आई बसलेली असताना फिरायचं तसं ते गुमान फिरलं. पुढे जाऊन थांबलो आणि मागे चालत आलो. ओल्या मातीत तीन चाकोऱ्या उमटल्या होत्या, त्यातली साइडकारची सगळ्यात खोल.

कलिपाला मी एकदा म्हटलं, बस की तिथे, बाजारात जाऊ. तिनं साइडकारवरची ताडपत्री वर केली, थोडा वेळ बघत राहिली आणि पुन्हा अलगद खाली सोडली. "मी चालत येते," म्हणाली. काय दिसलं ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

घ्या, अजून एक कप घ्या. सकाळी रस्ता मोकळा झाला की मी तुम्हाला घाटापर्यंत सोडतो. तुमची बॅग साइडकारमध्ये ठेवू नका, पाठीवरच असू द्या. ती वाळूची गोणी? ती मी केव्हाच ओढ्यात रिकामी केली. तुम्ही माझ्या मागे बसा, पण अगदी पुढे सरकून, मला चिकटून बसा. तुमच्या मागे जरा जागा लागेल.