शून्याचं तिकीट

आधी चहा घ्या. ही गोष्ट मला रिकाम्या पोटी सांगवत नाही.

मी मच्छिंद्र. नगर शहराच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून एकोणीस वर्षं काढली. माळीवाडा ते विळद ही माझी लाईन. पूर्वी रात्री अकरापर्यंत दर अर्ध्या तासाला गाडी होती. मग तासाला झाली. मग नऊनंतर एकच उरली, पावणेअकराची. गेल्या श्रावणात तिचाही कागद फळ्यावर लागला. महिन्याची सरासरी आठ प्रवाशांच्या खाली गेली तर फेरी बंद.

आठ माणसं आणायची कुठून? पावणेअकराला चढणारे चौघंच. कारखान्यातले दोन कामगार, एक वडेवाला आणि लंकाबाई. लंकाबाई एका दवाखान्यात फरशी पुसायची, साडेदहाला सुटायची. तिचा नवरा रंगनाथ अर्धांगवायूनं दोन वर्षं खाटेवर होता. दिवसा शेजारीण बघायची, पण रात्री त्याची कूस बदलायला हीच लागायची.

"ही गाडी गेली तर काम सोडावं लागंल, मास्तर," ती एकदा म्हणाली. "मग दोघांनी खायाचं काय?"

मला तिची फार दया आली, आणि तिथंच माझी चूक झाली. आमच्या गाडीत पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट. मशीनवर 'ज्येष्ठ' दाबलं की शून्याचं तिकीट निघतं, पण माणूस मात्र मोजला जातो. मी रोज अशी चार तिकिटं फाडू लागलो. चढायचा थांबा टाकायचो जुना जकात नाका, कारण तिथं वस्तीच नाही, कोण विचारणार? उतरायचा थांबा टाकायचो शेवटचा. कुणाचं काही बुडत नव्हतं. नसलेली चार म्हातारी माणसं बसमध्ये बसवली, एवढंच.

पहिला महिना सुरळीत गेला. दुसऱ्या महिन्यात एका रात्री आमच्या ड्रायव्हरनं, नबीलालनं, नाक्यावर गाडी थांबवली. मी बेल दिली नव्हती.

"काय झालं, नबीभाई?"

"हात केला की कुनीतरी."

मी दार उघडलं. बाहेर मिट्ट काळोख, रातकिडेसुद्धा गप्प. कुणी दिसलं नाही. पण पायरी करकरली. एकदा… दोनदा… तीनदा… चारदा. मग मागच्या बाकांवरून डांबरगोळ्यांचा वास आला. वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेतल्या लुगड्यांना येतो तसा.

नबीलालनं आरशात पाहिलं आणि आरसा फिरवून ठेवला.

मग ते रोजचंच झालं. एका रात्री मी मुद्दाम तिकिटं फाडली नाहीत. नाक्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत माझ्या खांद्यावर एक गार बोट टेकलेलं होतं, तिकीट मागताना लोक टेकवतात तसं. दुसऱ्या दिवसापासून मी निमूटपणे चार फाडायला लागलो. भीतीचीही सवय होते हो. लागोपाठ दोन पाळ्या केलेला माणूस भुतालासुद्धा 'जरा सरकून बसा' म्हणेल, इतका दमलेला असतो.

दिवाळीनंतर ऑफिसनं आकडा वाढवला. आता आठ नाही, नऊ. मी जांभई देत पाचवं तिकीट फाडलं. काडीचाही विचार केला नाही.

त्या रात्री नाक्यावर पायरी पाचदा करकरली. पाचवं पाऊल जड होतं, एक पाय ओढत आल्यासारखं. पुढच्या सीटवरची लंकाबाई मागं वळली. घरच्या माणसाशी बोलावं तशी हळूच म्हणाली,

"अवो… तुमी हितं? कुनी उठवलं तुमाला?"

उत्तर मला ऐकू आलं नाही. ती मात्र मागं जाऊन एका रिकाम्या सीटशी उभी राहिली आणि तिचा थांबा येईपर्यंत तशीच उभी होती. थांब्यावर उतरली ती एकटीच, आणि घराकडं धावत सुटली.

सकाळी कळलं, रंगनाथ रात्री अकराच्या सुमाराला गेला.

मी खोटी तिकिटं बंद केली. खांद्यावर एका बोटाची पाच झाली, तरी फाडली नाहीत. फेरी महिनाअखेर बंद होणार हे ठरल्यातच जमा होतं, आणि देवाशपथ, मला हायसं वाटलं. लंकाबाई तेरा दिवस आली नाही. चौदाव्या रात्री पावणेअकराला स्टँडवर येऊन उभी राहिली. पदराच्या गाठीतून तिनं एक चुरगळलेलं तिकीट काढलं. शून्याचं. जकात नाका ते शेवटचा थांबा.

"आंगूळ घालताना त्यांच्या मुठीत घावलं," ती म्हणाली. "तुमीच फाडलं ना, मास्तर?"

मी नुसती मान हलवली. वाटलं, आता ही शिव्या देईल, छाती पिटेल. तिनं दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रोज पहाटं चालत घरी येत्यात," ती म्हणाली. "पाय धुळीनं भरल्याले. उंबऱ्यावर बसून धापा टाकत्यात. लई दमलेत ओ… हे नुसतं जायाचंच हाय. परतीचं बी फाडा की."

मी फाडलं. शेवटचा थांबा ते तिचा थांबा, एक ज्येष्ठ. तिनं तिकीट घेतलं नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," म्हणाली, आणि आपल्या थांब्यावर उतरून गेली. उतरताना तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी निवलेला दिसला.

परतताना गाडी रिकामीच असते. आम्ही आतले दिवे घालवून थेट डेपोकडं निघतो. तिच्या थांब्याजवळ नबीलालनं ब्रेक लावला.

"तुमीच बेल दिली न्हवं?" त्यानं विचारलं.

"नाही."

तरी मी दार उघडलं. रस्त्यापासून दहा पावलांवर लंकाबाईचं घर. आत दिवा जळत होता आणि तिनं दार सताड उघडं टाकलं होतं.

पायरी करकरली. पाय ओढत कुणीतरी उतरलं. मी दाराचा दांडा ओढायला हात घातला…

पायरी पुन्हा करकरली. मग पुन्हा. मग पुन्हा. मग पुन्हा.

परतीचं तिकीट मी एकाचंच फाडलं होतं.