सहभागी क्रमांक चाळीस

हॅरो-ऑन-द-हिल स्टेशनवर दोन हजार चार सालच्या एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी बारीक पाऊस पडत होता. म्हणजे इतर कुठल्याही गुरुवारसारखाच. यतीन फलाटाच्या छपराखाली उभा राहून आईशी फोनवर बोलत होता. लंडनमध्ये दुधी मिळतो, पण आपण तो विकत घेत नाही, ही गोष्ट तो नागपूरला समजावून सांगत होता आणि त्यात त्याला फारसं यश येत नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला. लाल मफलर, भिजलेले केस, आणि चेहऱ्यावर मोठं संकट कोसळल्याचा भाव असलेली एक मुलगी समोर उभी होती.

"एक्सक्यूज मी... तुम्ही मराठी ना? दहा मिनिटांत तुम्हाला विटेचे किती उपयोग सुचतील?"

यतीनने तिच्याकडे बघितलं. मग तो फोनमध्ये म्हणाला, "आई, ठेवतो गं. नाही, सगळं ठीक आहे. एक मुलगी विटेबद्दल विचारतेय."

आईने ती मराठी आहे का एवढंच विचारलं.

ती मराठी होती — हॅरोत जन्मलेली मराठी. तिचं नाव निवेदिता. तिचे आईवडील चौऱ्याहत्तर साली पुण्याहून आले, आणि येताना त्यांनी बरोबर आणलेलं मराठी तिला मिळालं होतं. फक्त वाटेत त्यातली लिंगं जरा इकडेतिकडे झाली होती. युस्टनजवळच्या एका युनिव्हर्सिटीत ती सर्जनशीलतेवर पीएचडी करत होती. माणसाला नवीन काही सुचतं ते कसं, आणि मातृभाषेत जास्त सुचतं का, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी भारतातून नुकतीच आलेली चाळीस मराठी माणसं हवी होती. एकोणचाळीस मिळाली होती. चाळिसावा एक डॉक्टर होता. त्याला आदल्या दिवशी साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तो बॅग भरून निघून गेला.

"चाळीस नसले तर माझा स्टडी चालणार नाही. सप्टेंबरमध्ये कॉन्फरन्स आहे, तिकडे मला हा पेपर वाचायचाय," ती म्हणाली. "आणि तुम्ही आत्ता फोनवर इतका चांगला मराठी बोलत होता..."

दुधीवरचं आपलं बोलणं कुणाला चांगलं वाटेल, हे यतीनला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. तो लगेच हो म्हणाला.

शनिवारी तो तिच्या युनिव्हर्सिटीतल्या खोलीत गेला. टेबल, घड्याळ, कागद, पेन्सिल. विटेचे नेहमीचे उपयोग सोडून दुसरे लिहायचे. इतरांना सुचतं तेच तुम्हाला सुचलं तर मार्क नाहीत, इतरांना सुचत नाही ते सुचलं तर मार्क भरपूर. हे सांगताना निवेदिताने आपल्या प्रोफेसर लॅम्बली यांची फजिती सांगितली. पहिल्याच सहभागी माणसाने लिहिलं होतं, 'देवाला भक्ताची वाट बघत उभं राहायला.' इंग्रजी भाषांतर वाचून लॅम्बलीबाई खुर्चीतून उठल्या होत्या. तीस वर्षांत इतकं विलक्षण उत्तर त्यांनी पाहिलं नव्हतं. पुढच्या सव्वीस जणांनी तेच लिहिल्यावर त्या परत बसल्या.

यतीनने एकतीस उपयोग लिहिले. शेवटचा होता, 'दुसऱ्या विटेला सोबत.'

कागद देताना त्याने विचारलं, खाली कॅन्टीन आहे, चहा घ्यायचा का. निवेदिताने उत्तरादाखल त्याने सही केलेला फॉर्म उलटा करून पाचव्या कलमावर बोट ठेवलं. अभ्यास संपेपर्यंत संशोधिका आणि सहभागी यांच्यात ओळख, मैत्री वा अन्य संबंध नसावेत. दुसरी परीक्षा सहा आठवड्यांनी होती.

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत तुम्ही नंबर चाळीस."

"बोलायचंही नाही?"

"नाही," ती म्हणाली, आणि हे सांगताना आपल्याला वाईट का वाटतंय याचा तिने थोडा विचार केला. "एकतर तुम्ही माझे डेटा, नाहीतर... नाहीतर मग तुम्ही कोणीही."

यतीन एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होता. नियम मोडले की काय होतं हे बघणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. त्यामुळे स्वतः नियम पाळण्याची त्याला सवय होती. त्याने मान हलवली आणि तो गेला.

सोमवारी सकाळी आठ-सातच्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत निवेदिता चढली तर खिडकीशी तोच. समोरची सीट रिकामी होती आणि तिच्यावर त्याची बॅग होती. त्याने बॅग उचलली, मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघू लागला.

डब्यात बसायला दुसरी जागा नव्हती, असं तिने स्वतःला सांगितलं. जागा होती, भरपूर होती.

मंगळवारी तेच. बुधवारीही. कुणी एक शब्द बोललं नाही. इंग्लंडमध्ये ट्रेनमध्ये समोरासमोर बसून एकमेकांशी न बोलणं हे सभ्यपणाचं लक्षण समजतात, त्यामुळे या दोघांकडे बघून कुणाला काही शंका आली नाही. उलट ते तिथे चांगलेच मुरलेले वाटले असतील.

पण न बोलताही बरंच काही होत होतं. तो फुकटचा पेपर वाचायचा आणि हसू आलं की ते पान तिच्या बाजूला वळवून धरायचा — सहज, हात अवघडला म्हणून. एकदा त्याला सर्दी झाली तेव्हा उतरताना तिचं टिश्यूचं पाकीट सीटवर 'राहिलं'. दुसऱ्या दिवशी ते रिकामं पाकीट व्यवस्थित घडी घालून तिच्या सीटवर ठेवलेलं होतं. तिने निळा ड्रेस घातला त्या दिवशी तो पेपर उलटा धरून वाचत होता, फिंचली रोड ते बेकर स्ट्रीट.

पाचव्या कलमात पेपर उलटा धरण्याबद्दल काही म्हटलेलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात तो चार दिवस आला नाही. पहिल्या दिवशी निवेदिताला काळजी वाटली ती चाळीस नंबर गळाला तर स्टडीचं काय होणार याची. दुसऱ्या दिवशीही त्याचीच. तिसऱ्या दिवशी पावसाने खिडकी इतकी धुरकट केली की बाहेरचं काही दिसेना, आणि ती त्या रिकाम्या सीटकडे बघत बसली ती उतरायचं युस्टन स्क्वेअर मागे टाकून थेट किंग्ज क्रॉसला गेली. चौथ्या दिवशी तिने स्टडीचं नाव घेणं सोडून दिलं.

सोमवारी तो होता. त्याच्या मांडीवर एक फाइल होती आणि तिच्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलेलं होतं, 'चार दिवसांचे प्रशिक्षण शिबिर, लीड्स'. फिंचली रोडपर्यंत त्याने ती फाइल तिच्या दिशेने धरून ठेवली, आरशासारखी.

ती खिडकीकडे बघून हसली.

त्याच शनिवारी दुसरी परीक्षा झाली. या वेळी वस्तू होती खुर्ची. तो आला, गुड मॉर्निंग म्हणाला, दहा मिनिटं लिहीत बसला, थँक्यू म्हणून गेला. सगळं कसं शास्त्रशुद्ध.

उत्तरं तपासायचं काम हॅरोतच, निवेदिताच्या कमलाकरकाकांच्या जेवणाच्या टेबलावर चालायचं. काका लंडनला येण्याआधी चार वर्षं पुण्याच्या कलेक्टर कचेरीत होते आणि नंतर तीस वर्षं इथल्या कौन्सिलमध्ये. कागद समोर आला की त्यांना तरतरी यायची. मीनाक्षीकाकू, काका आणि निवेदिता अशा तिघांनी एकमेकांना न दाखवता मार्क द्यायचे. उत्तरं टाइप केलेली, कुणाची ते कळू नये म्हणून नाव-नंबर काढलेले. काका सगळ्यांना पाचपैकी दोन द्यायचे. त्यांच्या मते सर्जनशीलतेला जास्त डोक्यावर बसवू नये.

खुर्चीची अडतीस पानं झाली. पुढच्या पानावर चारच ओळी होत्या. काकांनी त्या मोठ्याने वाचल्या, हेही नियमात नव्हतं.

"'एक. रिकामी ठेवायला. दोन. ती येईपर्यंत तिच्या जागेवर बॅग ठेवायला, आणि ती आली की उचलायला. तीन. बोलायची परवानगी नसेल तेव्हा समोरासमोर ठेवायला. चार. चार दिवस कुणी बसलं नाही, तर कुणाच्या लक्षात येतं का ते बघायला.'" काकांनी चष्मा काढला. "हे खुर्चीबद्दल नाहीच. हा प्रश्न सोडून भलतंच लिहितोय. एक मार्क."

"मी पाच दिलेत," मीनाक्षीकाकू म्हणाल्या. "सहा देता येत नाहीत म्हणून."

मग दोघांनी निवेदिताकडे बघितलं. तिची पेन्सिल रकान्यावर होती आणि रकाना कोराच होता.

काही न बोलता एक आकडा लिहिला असता तर चाळीसचे चाळीस राहिले असते. सप्टेंबरची कॉन्फरन्स, पेपर, दोन वर्षांचं काम — सगळं त्या एका आकड्यावर आलं होतं. नियम तर कुणी मोडला नव्हता. पण तिला द्यायचे होते पाच, आणि ते खुर्चीसाठी नव्हते.

"मला मार्क नाही देता येणार, काकू," ती म्हणाली. "मी ह्याला ओळखते."

"अगं, कोण आहे?"

"माहीत नाही. आम्ही बोललो नाही."

"मग ओळखतेस कशी?"

"बसलोय," निवेदिता म्हणाली. "सहा आठवडे."

काकूंनी उठून चहा ठेवला. काकांनी 'एक' खोडून 'दोन' केले.

सोमवारी तिने प्रोफेसर लॅम्बलींना सगळं सांगितलं. चाळीस नंबर वगळायचा, म्हणजे एकोणचाळीस उरले, नवा माणूस शोधून परत सहा आठवडे, आणि पेपर तर जुलैच्या आत पाठवायचा, म्हणजे या सप्टेंबरचं नाव नको. पुढच्या वर्षी बघू. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की मुलगा एका आकड्याच्या बदल्यात घेण्याइतका बरा आहे ना. मग म्हणाल्या, वगळल्याचं पत्र पाठव, नियम आहे.

अभ्यास मराठीत, म्हणून पत्रही मराठीत. मसुदा अर्थातच कमलाकरकाकांनी केला.

'सहभागी क्रमांक ४० यांसी. आपणांस कळविण्यात येते की, मानवी सर्जनशीलतेच्या सदर अभ्यासातून आपणांस वगळण्यात येत आहे. कारण (योग्य तेथे खूण करावी): आजारपण / खोटी माहिती / मध्येच सोडून जाणे / अन्य. अन्य असल्यास तपशील द्यावा.'

तपशील निवेदिताने स्वतः लिहिला. 'संशोधिकेला तुमच्याबद्दल तटस्थ राहता येत नाही.'

काकांनी सुचवलं की 'राहणे शक्य होत नाही' असं जास्त भारदस्त दिसेल. काकू म्हणाल्या, "वाक्य तिचं आहे. तुम्ही हात लावू नका."

खाली एक फाडून द्यायचा तुकडा होता. निर्णय मान्य आहे / मान्य नाही, नको ते खोडावे, कारण लिहावे, अपिलाची मुदत चौदा दिवस.

मंगळवारी पत्र पेटीत पडलं. बुधवारी तो गाडीत नेहमीसारखा समोर होता. म्हणजे अजून मिळालं नव्हतं. तिला इतका वेळ खिडकीबाहेर बघणं त्याआधी कधी जड गेलं नव्हतं. गुरुवारी तो गाडीत नव्हता. सीटवर बॅग नव्हती, काही नव्हतं.

अकरा वाजता युनिव्हर्सिटीत तिच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. तो होता. केस ओले, हातात पत्र.

"अपिलाची चौकशी करायची होती," तो म्हणाला.

निवेदिताने हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्हाला... अपील करायचंय?"

"आधी समजून घ्यायचंय. मंजूर झालं तर काय होतं?"

"तुम्ही परत स्टडीत. माझा कॉन्फरन्स वाचेल."

"आणि नामंजूर झालं तर?"

"मग तुम्ही बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

कॉरिडॉरमधून कुणीतरी छत्री झटकत गेलं.

"माझ्याबरोबर," ती म्हणाली. "म्हणजे... इफ यू लाइक."

त्याने खिशातून तो तुकडा काढून टेबलावर ठेवला. तो आधीच भरलेला होता. 'मान्य नाही' पट्टी लावून खोडलेलं. खाली वळणदार अक्षरात कारण होतं — 'सहभागी व्यक्तीलाही राहता येत नाही.'

तिने ते दोनदा वाचलं. मग आणखी एकदा.

"हे लिहून आणलं होतं, तर मग चौकशी कशाला केली?"

"मी टेस्टर आहे. सगळं चालतंय ना, हे बघितल्याशिवाय पुढे जात नाही," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "तू रागावलीस?"

'तू' ऐकून ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर ठोकलं.

त्याने दिवसभराची रजा टाकली होती. बाराच्या सुमाराला दोघं निघाली ती गाडी पकडायला. पण युस्टन स्क्वेअर आलं तेव्हा यतीन एका वाक्याच्या मध्यावर होता, म्हणून चालत जाऊन पुढच्या स्टेशनवर चढू असं ठरलं. पुढच्या स्टेशनवर निवेदिताचं वाक्य अर्धं होतं. बेकर स्ट्रीटला दोघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली होती, आणि तू आधी, नाही तू, यात गाडी गेली. फिंचली रोडला पाऊस थांबला. वेम्बलीला तिचे बूट चावायला लागले. ते हातात घेऊन ती चालायला लागली, पण बोलणं काही थांबलं नाही.

युस्टनपासून हॅरो दहा मैल आहे. ते हॅरोला पोचले तेव्हा जूनमधलं लांबलचक ऊन अजून छपरांवर होतं, आणि यतीन स्वतःबद्दल सांगता सांगता नागपूरच्या शाळेतल्या इयत्ता चौथीपर्यंत आला होता.

"माझं घर डावीकडे," निवेदिता म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. "मग... उद्या?"

तिने डावीकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"पाचवीत काय झालं?" तिने विचारलं, आणि दोघं सरळ पुढे निघाली.