सावट फाटकातून परत फिरला

माझी बायको ज्योती गेली हे मला दुपारी सव्वातीनला कळलं. मी सुप्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहे. तेव्हा बेअरिंगचे खोके रॅकवर लावत होतो आणि संध्याकाळी तिला सांगायचा भाग डोक्यात जुळवत होतो. मेहुण्याचा फोन आला. अमृत एवढंच म्हणाला, "दाजी, लवकर या." आणि फोन ठेवला. मी समजलो. हातातला खोका खाली ठेवला. आणि त्या क्षणी मनात आलं ते हे, की आता सावटाचं पुढे काय झालं ते कुणाला सांगायचं?

ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, म्हणून आधीपासून सांगतो.

टीव्हीवर 'पाच पहारेकरी' नावाची मालिका लागायची. रोज संध्याकाळी आठला. अंगात अचाट शक्ती असलेले पाच जण एका शहराची राखण करतात. पण एकही धड नाही. वज्रसेन आख्खा पूल उचलायचा, पण समोर कॅमेरा असेल तरच. तडित विजेसारखी पळायची, पण एकदा जळत्या घरातून बहिणीला मागे टाकून एकटीच पळाली होती. सावट दिसेनासा व्हायचा आणि लोकांची गुपितं ऐकायचा. उरलेले दोघे आपसात भांडण्यातच दमून जायचे. सावटाचं तडितवर प्रेम होतं, आणि वज्रसेनाला ते खपत नव्हतं.

ज्योती सावटाच्या बाजूची. मी म्हणायचो, "अगं, चोरून ऐकणारा माणूस तो." ती म्हणायची, "वाईट नाही तो. घाबरट आहे. घाबरट माणसाला कुणीतरी थोडा वेळ द्यायला पाहिजे."

मग ती आजारी पडली आणि नगरच्या दवाखान्यात दाखल झाली. वॉर्डात टीव्ही नव्हता. तिच्याकडे बटणाचा फोन, मोठा मोबाईल घरात एकच, तो माझ्याकडे. म्हणून असं ठरलं, की मी आदल्या दिवशीचा भाग बघायचा आणि कंपनी सुटल्यावर जाऊन तिला सांगायचा. चार-पाच दिवस मी खरं तेच सांगितलं.

ज्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून रिपोर्ट दाखवला, त्याच्या आदल्या दिवशीच्या भागात सावटाने तडितचं गुपित वज्रसेनाला विकलं होतं. रात्रीच्या अंधारात वज्रसेनाच्या घराचं फाटक ओलांडून तो आत गेला आणि सगळं सांगून आला. मी कॉटजवळ बसलो. त्याआधीचा भाग सावट फाटकाशी पोचतो तिथेच संपला होता. ज्योतीने विचारलं, "गेला का रे तो आत?"

मी म्हणालो, "नाही. फाटकापाशी थांबला... आणि परत फिरला."

ती इतकी छान हसली, की मी खरं सांगायचं सोडूनच दिलं.

एकदा तो परत फिरला म्हटल्यावर पुढचं सगळं बदललं. मालिका एका वाटेने, माझी गोष्ट दुसऱ्या वाटेने. पस्तीस दिवस मी रोज नवा भाग बनवून सांगितला. मला कसलं लिहिता-बिहिता येतंय? मला माझं स्टोअर माहीत. पण ती ऐकत राहिली आणि मी सांगत राहिलो.

ती गेल्यावर मालिका संपली. शेवट मी बघितला नाही. मला एकच गोष्ट आतून खायची. मरणाच्या दारातल्या बायकोला मी शेवटपर्यंत खोटं सांगितलं. सावटाला नावं ठेवणारा मी कोण?

मार्गशीर्षात काष्टीला शनिवारच्या बाजारात गेलो. काष्टी माझं गाव, आई तिथेच असते. बांबूवर कापड ताणलेल्या लसणाच्या पालापाशी एक बाई तराजू धरून बसली होती. मी भाव विचारला. तिने मान वर केली आणि बघतच राहिली.

"ओळखलं नाही का?"

"नाही... माफ करा."

तिने पदराने नाकापासून खालचा चेहरा झाकला. डोळे तेवढे राहिले. मग ओळखलं. ज्योतीच्या वॉर्डातल्या सिस्टर. तोंडावरचा मास्क कधी निघालेला मी पाहिलाच नव्हता.

"सिस्टर, तुम्ही इथे?"

"हे आईचं पाल. सुट्टीला येते तेव्हा बसते. आणि बाजारात सिस्टर म्हणू नका, लोक नाडी दाखवायला येतात. सत्यशीला माझं नाव."

मी लसूण घेतला. पिशवी देताना ती हळूच म्हणाली, "एक विचारू? त्या सावटाचं काय झालं हो? ताई मला सांगायच्या, तुम्ही काय-काय सांगितलं ते. पण मला काही मालिका बघायला जमलं नाही..."

इथे मी खरं बोलायला हवं होतं. पण ज्योतीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं नाव काढलं होतं. मी म्हणालो, "तो... सध्या लपलाय."

"कुठे?"

"एका गोदामात."

"अय्या! मग पुढे?"

"पुढच्या शनिवारी सांगतो."

कंपनीची सुट्टी शनिवारी असते, हे माझं नशीब. पुढच्या शनिवारी सांगितलं, त्याच्या पुढच्याही. मी लसूण निवडत बसायचो, ती वजन करता करता ऐकायची. मधेच भुवई उंचावून विचारायची, "तडितला कळलं का, त्याच्या मनात काय आहे ते?"

"कळलं असावं. बोलत नाही."

"मग त्यानं बोलावं की."

"घाबरट आहे तो."

"हं... ते दिसतंच आहे."

असं म्हणून ती माझ्याकडे न बघता पाकळ्यांचं साल फुंकरीने उडवायची. ते माझ्या शर्टावर येऊन बसायचं. मी झटकायचो नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. दवाखान्यात ती मला दादा म्हणायची. बाजारात तिने मला दादा म्हटलं नाही. काहीच म्हणायची नाही, नुसतं 'अहो'.

तिची आई, केशरबाई, एकदा वैतागून म्हणाली, "पाव्हणं, लसून घ्या न्हाईतर गोष्ट सांगा. गिऱ्हाईक मागं उभं हाय."

घरी माझी आई लंकाबाई वेगळीच वैतागलेली. आढ्याला लसणाच्या जुड्या लटकत होत्या. "कान्या, एवढा लसून? आपल्याला काय हाटेल टाकायचंय? भाजीत लसून, चटनीत लसून... परवा तर मला च्यात बी वास आला."

"स्वस्त होता आई."

"व्हय. आन इकणारी कशी हुती?"

मी नवी जुडी तिच्यापुढे ठेवली. आईने ती स्वतः उठून आढ्याला बांधली.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी सत्यशीला मान खाली घालून तराजू पुसत होती. तिचं पहिलं लग्न मोडून सहा वर्षं झाली होती, एवढं मला माहीत होतं. केशरबाईनेच तोंड उघडलं. "उद्या शेवगावची मान्सं येत्यात हिला बघाया. चांगलं घर हाय. मी हो म्हननार."

सत्यशीला तराजूकडे बघत म्हणाली, "आई, तू जरा चहा घेऊन ये."

"मला न्हाई च्या प्यायचा."

"मग माझ्यासाठी आण."

केशरबाई गेली. सत्यशीलाने विचारलं, "सांगा. आज सावट काय करतो?"

मला कळत होतं ती काय विचारते आहे. मलाही तेच सांगायचं होतं. पण पुन्हा तीच चूक करायची? एकीला खोटं सांगून पाठवलं, आता दुसरीला खोट्यावर घरात आणू?

"सत्यशीला, तो फाटकातून परत फिरलाच नव्हता," मी म्हणालो. "आत गेला होता. त्याने तडितला विकलं. मी ज्योतीला खोटं सांगितलं. पस्तीस दिवस. तुम्हालाही तेच सांगतोय. गोदाम नाही, काही नाही, सगळं मी बनवलेलं. असा माणूस आहे मी. आता शेवगावच्या लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

तिने तराजू खाली ठेवला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. बघितलं तर हसत होती, आणि डोळ्यांत पाणीही होतं.

"अहो, तुमचा वज्रसेन शहर वाचवायला निघाला आणि फाटकावर त्याने गेटपास दाखवला! सावट तीन नंबरच्या रॅकमागे लपला! तडितने भूक लागली म्हणून ठेचा-भाकरी खाल्ली! असली मालिका असते का कुठे?"

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ताईंच्या कॉटवर बसायचे. माझ्या मोबाईलवर खरा भाग आम्ही दोघी बघायचो."

माझ्या हातातला लसूण खाली पडला.

"दोघी?"

"पहिल्या दिवशी ताईंनी तुम्ही आदल्या संध्याकाळी सांगितलेला फाटकाचा भाग लावायला सांगितला. मग म्हणाल्या, तो आत गेला होता ना... आणि हा मला परत फिरवून दाखवतो. त्यानंतर रोज खरा भाग बघून झाला, की म्हणायच्या, आता संध्याकाळी आमचा स्टोअरकीपर काय सांगतो बघू. मला शपथ घातली होती, त्याला कळू देऊ नका. कळलं तर सांगायचा थांबेल."

मी पालाच्या बांबूला धरून उभा राहिलो. बाजारात माणसं ओरडत होती, टेम्पो हॉर्न देत होता. सात महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं, असं वाटलं. मला मोठा श्वास घेता आला. लसणाचा वास आला. चांगला वाटला.

"मग बाजारात मला का नाही सांगितलंत?"

आता तिने मान खाली घातली. "मालिका बघितली नाही म्हणून मीही थापच मारली की. सांगितलं असतं तर... तुम्ही लसूण घेऊन गेला असता. परत कशाला आला असता?"

"आलो असतो."

"घाबरट माणसाचं काय सांगता येतं?"

"या घाबरट माणसाशी लग्न कराल?"

तिने तराजूच्या पारड्यातला लसूण काढून परत ढिगावर ठेवला. "आईला तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "मी नाही."

केशरबाई चहा घेऊन आलीच होती. एक नाही, तीन कप. तिने एक माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "शेवगावला सकाळीच फोन केलाय मी, येऊ नका म्हनून. तुमचं तोंड उघडत न्हवतं, म्हनून म्हनलं जरा ढकलावं."

चहा पिताना मी सत्यशीलाला विचारलं, "शेवटच्या दिवशी... त्या दिवशीही बघितला का ज्योतीने भाग?"

"बघितला. एक वाजता. मग डोळे मिटले आणि म्हणाल्या, आज स्टोअरकीपर काय सांगतो बघू."

आता चैत्रात आमचं लग्न आहे. आईने आढ्यावरचा लसूण त्यासाठी राखून ठेवला आहे. सत्यशीलाला मी पुढचे भाग अजून सांगतो, आणि गेटपास आला की ती हसते. पण बेअरिंगचे खोके लावताना जुळवलेला त्या दुपारचा भाग मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे. तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही.