रुक्माबाईच्या पाटल्यांचा आवाज

बेळगावात कुणाचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला, की माझंच नाव निघतं. 'पूर्णिमाबाईंकडे द्या, बोलता करतील.' हे मी मिरवत नाही असं नाही, मिरवतेच. त्यामुळं सांबऱ्याहून नागेंद्रचा फोन आला तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. त्याचे वडील भावकू गावोगाव जत्रेला, नाटकांना मायकाचा सेट लावायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता आईला, रुक्माबाईंना, तो जांबोटीहून आपल्याकडे आणणार होता. सेट मात्र त्याच्या बायकोला घरात नको होता.

"जांबोटीला जाऊन बघा म्याडम. पसंत पडला तर घ्या, न्हाईतर भंगारात घालतो."

बसमधून उतरून बांधावरून बराच वेळ चालले. दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. ओल्या पेंढ्याचा वास येत होता. रुक्माबाईंचं घर गावापासून सुटं, रानाला पाठ लावून उभं. आत खाटेवर धुतलेल्या चादरीखाली सेट होता, आणि वर भिंतीला भोंगा.

"हात धुवून लाव गं," त्या म्हणाल्या. "मळक्या हातानं मी कुणालाच लावू दिलं न्हाय."

हात धुतले, मागचं झाकण काढलं. आतलं काम देखणं होतं. एकेक तार टाक्यासारखी ओळीत. पण कंडेन्सर फुगलेले, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, आणि व्हॉल्व्हच्या, त्या काचेच्या नळ्यांच्या, जागा रिकाम्या.

"आक्का, नाही जमायचं. ह्यात व्हॉल्व्हच नाहीत."

"मीच काढून ठेवलेत."

"का?"

"वाजायचा थांबंना म्हणून..." त्यांचा आवाज खाली आला. "काढले तरी वाजतोय."

मला हसू येणार, तेवढ्यात भोंग्यातून घरघर आली. सेटचा प्लग भुईवर, माझ्या पायाशी पडला होता. तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरला. मग भोंग्यात कुणीतरी श्वास घेतला...

रुक्माबाईंनी पदर सारखा केला आणि ताठ बसल्या.

"हॅलो... हॅलो..." पुरुषाचा आवाज, खर्जातला, संथ. "सेट भावकूचा... आवाज रुक्माबाईच्या पाटल्यांचा."

घरघर विरून गेली.

"पाटल्या मोडून घेतलता," त्या म्हणाल्या. "हर जत्रंत पयलं हेच सांगायचे. एवढ्या माणसांत..." डोळ्यांत पाणी नव्हतं. मान मात्र वर होती. "भंगारवाला फोडून तांबं काढील. तू न्हेशील?"

मी उठून उभी राहिले. तशीच निघून जाणार होते. पण ती तारांची ओळ पुन्हा दिसली. असलं काम कुणी हातोड्यानं फोडावं? मला ते सोसवेना.

"नेते," मी म्हटलं.

सगळा हिवाळा त्यात गेला. जे मेलं होतं तेवढंच बदललं. भावकूंचा एकही सांधा मोडला नाही. मग नागेंद्रला सांगून रुक्माबाईंना बोलावलं आणि माईक त्यांच्या हातात दिला.

"मी काय बोलू गं?"

"नाव सांगा."

"मी... रुक्माबाई."

आवाज असा भरून निघाला की गल्लीतली माणसं दारात आली. नागेंद्र भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत राहिला. भोंग्यातून दुसरं कुणी बोललं नाही. भावकूंना एवढंच हवं असेल, असं मला वाटलं. माझ्या हातांचा मला कधी नव्हे एवढा अभिमान वाटला.

परवाची गोष्ट. भर दुपार, घरात मी एकटी, भांडी घासत होते. बाहेरच्या खोलीतल्या भोंग्यातून तो खर्जातला आवाज आला.

"सेट दुरुस्त केला... पूर्णिमाबाईंनी. बेळगाव."

खरं सांगते, आधी भीती वाटलीच नाही. छाती फुगली. ओले हात पुसत मी दारापर्यंत गेलेसुद्धा.

"बाई आता दोन शब्द बोलतील... यावं."

मग टाळ्या. मोकळ्या माळावर पुष्कळ माणसं बसावीत, तशा लांबवर पसरत गेलेल्या. हळूहळू त्या थांबल्या. कुणी खोकलं. सगळे वाट बघत होते...

आणि भोंग्याच्या आत, अगदी जवळ, कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची सरकवली.