पाळण्यावरची तार

ही गोष्ट खरी आहे. माझ्या बन्सीची शपथ घेऊन लिहिते, आणि कुठलीच आई लेकराची शपथ उगाच घेत नाही.

तो आत्ता शेजारी झोपलाय. उठला की लिहिणं थांबेल.

गेल्या वर्षी, त्र्याहत्तरच्या चैत्रात घडलं. जामखेडच्या बाजूला आमची वस्ती. वीज नव्हती. दुष्काळात यांचा ट्रॅक्टर नुसता उभा, म्हणून त्याची बॅटरी घरात आणलेली. तिच्यावर ओसरीत आणि स्वयंपाकाच्या खोलीत बारा व्होल्टचे दोन दिवे लागायचे.

ते बसवले होते माझ्या धाकट्या दिरानं, गोरक्षनाथनं. श्रीरामपूरला गॅरेजात मोटारींचं वायरिंग करायचा. त्यानं आणलेली जाड तार पाहून मी हसले होते.

"एवढ्याशा दिव्याला बैल बांधायचा दोर कशाला, भाऊजी?"

"हसा, वहिनी. बॅटरीचा झटका बसत न्हाई, म्हणून लोक फसत्यात. व्होल्ट कमी, म्हणून तेवढ्याच उजेडाला करंट लई लागतो. बारीक तार तापती. आन् फ्यूज दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो. सगळ्यात बारीक तार जी असंल, तिच्या मापाचा."

बोलता बोलता उरलेली फ्यूजची तार करंगळीला गुंडाळायचा. तिची अंगठी करून फ्यूजच्या पेटीवर ठेवायचा. सवयच होती त्याची.

दिवाळीत तो काविळीनं गेला.

बन्सी महिन्यानं झाला. पुतण्याचं तोंडही त्यानं पाहिलं नाही.

चैत्रात यांनी बन्सीच्या खोलीत तिसरा दिवा ओढला. जाड तार संपली होती. मग दारावरच्या विजेच्या घंटीला लावतात ती बारीक तार जोडली, आणि पाळणा टांगला होता त्याच आढ्यावरून नेली.

"भाऊजी म्हणायचे, बारीक तार..."

"बारा व्होल्टानं मुंगी बी मरत न्हाई," हे म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी दिवे लावले. थोड्या वेळानं सगळं घर अंधारलं.

फ्यूज उडाला असेल, असं वाटलं. पण उडालेल्या फ्यूजला काजळी धरते. तारेची टोकं वितळतात.

इथे स्क्रू सैल केलेले होते. तार जागेवर नव्हतीच.

ती पेटीवर होती... अंगठी करून ठेवलेली.

"तू काढलीस?"

"माझे हात पिठात आहेत, बघा की."

दुसऱ्या संध्याकाळी यांनी फ्यूजची तार दुपदरी घातली.

पुन्हा अंधार. पुन्हा अंगठी... दोन पदरांची.

यांनी ती ओळखली. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी फ्यूजच्या जागी खिळा आवळला.

"आता काढ म्हणावं."

"कुणाला म्हणताय?" मी विचारलं.

यांनी स्क्रू आणखी एक वेढा आवळला.

दिवा छान लागला. मी झोके दिले. बन्सी झोपला. मी शेळीची धार काढायला मागं गेले, हे अंगणात पाय धूत होते.

आणि मग... वास आला. रबर जळल्याचा.

मी ओसरीतून आत धावले. आढ्यावरची तार लाल झाली होती. जळतं रबर ठिबकत होतं... पाळण्यात. गोधडी पेटली होती. ओसरीत हे गुडघ्यावर बसून बॅटरीची तार हातानं उपटत होते. मी गोधडी ओढून काढली.

पाळणा रिकामा होता.

चार महिन्यांचं लेकरू. त्याला कुशीवरही वळता येत नव्हतं.

मग ओसरीतून हुंकार आला.

फ्यूजच्या पेटीखाली, गोरक्षनाथच्या हत्यारांच्या पिशवीवर बन्सी पडला होता. यांच्यापासून हातभर अंतरावर. आत्ताच मी तिथून धावत गेले होते. यांचे गुडघे तिथेच टेकले होते. आम्हां दोघांनाही तो दिसला नव्हता.

त्याची मूठ घट्ट मिटलेली. मी बोटं सोडवली.

आत तारेची अंगठी होती. गार.

सकाळी पाहिलं. पाळण्याचा दोर तारेला घासून घासून तिच्यावरचं रबर गेलं होतं, आणि आतल्या दोन्ही उघड्या तारा एकमेकींना टेकल्या होत्या.

झोके मीच दिले होते.

हे त्या दिवशी पिशवी मांडीवर घेऊन बसले. "दोनदा सांगितलं गं त्यानं," एवढंच म्हणाले.

आम्ही ती वस्ती सोडली. आता श्रीरामपूरला एका खोलीत राहतो. बॅटरी नाही, तार नाही. मी कंदील लावते. बन्सी भिंतीला धरून चालतो. कधी कधी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हात पुढे करतो, घे म्हणतात तसे. मी त्याला उचलून घेते. दुसरं काय करू?

आज दुपारी त्याची गोधडी उन्हात टाकायला उचलली.

खाली तारेची अंगठी होती.

घरभर पाहिलं. चूल, कंदील, कडी, छप्पर. काय चुकतंय ते मला सापडत नाही. हे संगमनेरला गेलेत, उद्या येतील.

आणि एक आठवतंय. काल झाडताना केरात काहीतरी चमकलं होतं. लेकरू रडत होतं, म्हणून मी न बघताच केर बाहेर टाकला.

तीही अंगठीच असेल... तर ही दुसरी.