चित्र आलं का?

वहिनी त्यांना भाऊजी म्हणत, तेव्हा आपणही भाऊजीच म्हणू. वजनमापे खात्यात तपासनीस. दुकानदाराच्या तराजूत पाच ग्रॅमची खोट असली तरी पकडणारा माणूस. काट्यावर दिसतं तेवढंच खरं, बाकी सगळ्या बाजारगप्पा, असं ठणकावून सांगणारा. स्वतःच्या एका खोटीबद्दल मात्र अकरा वर्षं अळीमिळी गुपचिळी.

त्या रविवारी दुपारी ते वहिनींकडे टीव्हीचा अँटेना बसवायला आले. वहिनींनी केबल बंद केली होती. "हवेतूनच वाहिन्या दिसतात म्हणे आता. एवढं एक काम करून द्या," असं त्यांनी तीनदा फोन करून सांगितल्यावर भाऊजींचा नाइलाज झाला. काम काही अवघड नव्हतं. अवघड होती ती गच्ची. दादा गेला त्या दिवशी भाऊजींनी तिला कुलूप घातलं, ते आज उघडलं.

तेव्हाही रविवारच होता. वहिनी बाजारात गेल्या होत्या. दादा वर अँटेना हातात धरून फिरवत होता आणि भाऊजी खाली टीव्हीसमोर बसले होते. अंतिम सामना चालू होता. झरोक्यातून दादा विचारायचा, "आलं का?" आणि भाऊजी ओरडायचे, "अजून थोडं मागे." होता होता चित्र आलं, अगदी लख्ख. पण नेमका तेव्हाच सामना रंगात आला. दादाने पुन्हा विचारलं. टीव्हीवरून नजर न काढता भाऊजी सवयीने म्हणाले, "अजून थोडं मागे."

गच्चीला मागच्या बाजूने कठडा नव्हता.

चित्र शेवटपर्यंत आलंच नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वहिनींनाही तेच सांगितलं. तेव्हापासून या घरात त्यांना घोटभर पाणीसुद्धा गोड लागत नसे.

आज त्यांनी अँटेना पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधला, मागच्या कडेपासून होता होईल तेवढा लांब. प्रक्षेपणाच्या मनोऱ्याची दिशा मोबाइलवर पाहून घेतली, वायरीचं गंजलेलं टोक कापून नवी पिन लावली. खाली वहिनी टीव्हीसमोर बसून फोनवर आकडा सांगत होत्या. या नव्या तऱ्हेत पूर्वीसारख्या मुंग्या दिसत नाहीत. सिग्नल साठच्या वर असेल तर स्वच्छ चित्र, नाहीतर आधी चौकोन-चौकोन आणि मग नुसता काळा पडदा.

"अडतीस," वहिनी म्हणाल्या. "एकेचाळीस. परत अडतीस."

अर्धा तास हाच पाढा चालला. शेवटी भाऊजी वैतागले आणि पाना खाली टाकून जिन्यात सावलीला येऊन बसले.

"ब्याऐंशी," वहिनी फोनवर म्हणाल्या. "बस्स. आता हात काढू नका."

भाऊजींच्या हातात पाण्याची बाटली होती.

ते वर गेले. अडतीस. जिन्यात आले. ब्याऐंशी. आपलंच अंग आड येत असणार, असं म्हणून ते गच्चीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसले, तरी अडतीसच. तिसऱ्यांदा वर गेले तेव्हा त्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं. अकरा वर्षांच्या धुळीत त्यांच्या बुटांचे ठसे टाकीभोवती आणि त्या कोपऱ्यापर्यंत उमटले होते. मागच्या कडेला चपलांचे दोन ठसे होते. फक्त दोन, शेजारी शेजारी. तिथवर येणारं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

ते खाली आले. टीव्हीवर कुठलासा सामना चालू होता. चित्र लख्ख होतं.

"वहिनी, वर कोणी येतं-जातं का?"

"किल्ली तर तुमच्याकडेच असते."

तेवढ्यात झरोक्यातून आवाज आला. सहज, जरासा दमलेला.

"आलं का?"

भाऊजींनी झटकन वर पाहिलं. वहिनी दचकल्या नाहीत.

"दर रविवारी विचारतात," त्या म्हणाल्या. "मी काय सांगणार? मी घरात नव्हते. ते तुम्हाला विचारतात."

"आलं का?"

भाऊजींना रडू फुटलं. "आलं, दादा," ते म्हणाले. "तेव्हाच आलं होतं. मी सांगितलं नाही. चुकलो मी. आता खाली ये."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. पडद्यावर चौकोन झाले आणि तो काळा पडला.

जिन्यावर चपला वाजल्या. एकेक पायरी उतरत आवाज दारापर्यंत आला, दारातून आत आला आणि थांबला. वहिनींनी शेजारच्या खुर्चीवरची उशी उचलून घेतली.

"बसा," त्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या. मग भाऊजींकडे वळल्या. "चित्र गेलं, भाऊजी. वर कोणीतरी धरून उभं राहायला हवं."

नाही म्हणायला भाऊजींना तोंड नव्हतं.

त्यांनी खांबावरून अँटेना सोडला आणि हातात धरला. मागच्या कडेला जाऊन त्या दोन ठशांवर पाय ठेवले. बूट बरोबर मापात बसले.

खालून सामन्याचा गलका स्पष्ट ऐकू येत होता. वहिनी कशाला तरी हसल्या. चित्र आलं होतं, यात शंकाच नव्हती.

"आलं का?" भाऊजींनी विचारलं.

खाली सामना चालूच राहिला.

"वहिनी, आलं का?"

मग उत्तर आलं. टीव्हीवरून नजर न काढता दिल्यासारखं, दादाच्या आवाजात.

"अजून थोडं मागे."