बहिणीच्या प्रवेशाची चौकशी

ती चुकीच्या रांगेत उभी होती, आणि हे कळायला तिची अख्खी सकाळ गेली.

विद्यापीठ अवाढव्य होतं. फाटकातून आत आल्यावर ज्याला विचारावं तो दुसऱ्याच इमारतीकडे बोट दाखवायचा. शेवटी जिथे सगळ्यात जास्त माणसं दिसली तिथे ती जाऊन उभी राहिली. एवढी गर्दी आहे म्हणजे काहीतरी मिळत असणारच, असा तिचा साधा हिशेब.

चहाचा कागदी पेला सांभाळत चाललेला एक तरुण तिच्यापाशी थबकला. ती मघाशी दिसली होती तिथेच अजून उभी आहे, हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"पदवीचं प्रमाणपत्र घ्यायला आलात का?"

"नाही हो. प्रवेशाची चौकशी करायची होती."

"मग ही रांग जरा घाईची झाली," तो हसला. "पदवी देतात इथे, पण आधी प्रवेश घ्यावा लागतो."

रांगेतले दोघेतिघे हसले. एरवी तिला राग आला असता, पण ती त्याच्या पुढच्या दाताकडे बघत राहिली होती. दाताचा एक कोपरा उडालेला होता. गेली आठ वर्षं ती दात बनवण्याच्या एका लहानशा कारखान्यात कामाला होती. दवाखान्यांतून साचे यायचे, आणि ती त्यांवर कवळ्या, दातांच्या टोप्या घडवायची. छटा अशी जुळवायची की घरच्यांनाही खरा कुठला नि खोटा कुठला ते ओळखू येऊ नये. त्यामुळे माणूस भेटला की आधी त्याचे दात बघायचे, ही तिची खोड.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही... चला. कुठे जायचं?"

त्याची खोली इमारतीच्या टोकाला होती. एक टेबल, दोन खुर्च्या आणि गार वारा सोडून बाकी सगळं करणारा पंखा. बाहेर पाटी होती – प्रवेश मार्गदर्शन. घाबरून, घामाघूम होऊन, कागद छातीशी धरून येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिलं एकच वाक्य म्हणायचा, "आधी बसा." पोरांनी त्याचं नावच आधीबसा पाडलं होतं.

"आधी बसा," तो तिलाही म्हणाला. "कोणासाठी चौकशी?"

"बहिणीसाठी," ती पटकन म्हणाली. "धाकट्या."

त्याने गुणवत्ता यादी म्हणजे काय, पहिल्या यादीत नाव नसलं तर दुसरीची वाट कशी बघायची, हे सगळं नीट सांगितलं. बोलताना मध्येच थांबून तो विचारायचा, "लक्षात येतंय ना? नसेल तर पुन्हा सांगतो. मला त्याचाच पगार मिळतो."

पुढच्या शनिवारी अर्ध्या सुट्टीत ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी बहिणीची नवी शंका असायची. फी किती? फारशी नाही, सरकारी विद्यापीठ आहे. हप्त्याने भरता येते? येते. प्रयोगशाळेची अनामत बुडते का? नाही, शेवटी परत मिळते; काचेची भांडी फोडली नाहीत तर. तो सांगत असायचा, ती ऐकत असायची... आणि ऐकताना नेहमीप्रमाणे बघत असायची.

"एक विचारू?" एकदा तो म्हणाला. "मी बोलतो तेव्हा तुम्ही माझ्या डोळ्यांकडे कधीच बघत नाही."

"दाताकडे बघते."

"का?"

"पिवळसर छटा आहे, त्यात किंचित करडी. सहसा जुळत नाही अशी." मग स्वतःचंच बोलणं ऐकून तिने जीभ चावली. "म्हणजे... माझं कामच आहे ते."

"आजवर माझ्या दातांबद्दल इतकं प्रेमाने कोणी बोललं नव्हतं," तो गंभीरपणे म्हणाला, आणि तिचे कान तापले.

विषय बदलायला तिने घाईघाईत पुढची शंका काढली. "बहिणीच्या शिक्षणात आठ वर्षांचा खंड पडलाय. तरी चालतं का? आणि नोकरी सांभाळून करता येईल?"

त्याने पेन खाली ठेवलं. "बहिणीचं वय काय म्हणालात मागे?"

"अठरा."

"म्हणजे दहाव्या वर्षी बारावी झाली, आणि तेव्हापासून नोकरी करतेय." तो मान डोलावत म्हणाला. "मोठी हुशार मुलगी दिसते."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे कधी भरले ते तिलाही कळलं नाही. मग तिने सांगून टाकलं. याच विद्यापीठात तिचा प्रवेश झाला होता – रसायनशास्त्राला. त्याच उन्हाळ्यात बाबा अंथरुणाला खिळले, ते पुन्हा उठले नाहीत. ती दातांच्या कामाला लागली ती लागलीच. धाकटी आता तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. 'ताई, मला वर्ग नको, पाणी हवं,' असं तिने केव्हाच जाहीर केलंय.

"आणि तुम्हाला काय हवंय?"

"आमच्याकडे भट्टीत दात भाजतात," ती हळूच म्हणाली. "माती तीच, ताप तोच. तरी एखादा तडकतो. का तडकतो, हे कोणालाच सांगता येत नाही. मला ते कळून घ्यायचंय. एवढंच."

तो खुर्ची थोडी पुढे ओढून म्हणाला, "मग आता खरं सांगतो. शास्त्राला संध्याकाळचे वर्ग नसतात. प्रयोग दुपारी असतात, म्हणजे पगार अर्ध्यावर येणार. फी फलकावर लिहिलेली असते; ही बाजू कुठे लिहिलेली नसते. पहिलं वर्ष उमेदीत निघतं. दुसऱ्या वर्षी माणूस थकतो. घरात काहीतरी होतं, एक परीक्षा राहते, मग दुसरी... तुमच्यासारखे बरेच जण तिथेच गळतात."

"माझ्यासारखे?"

"म्हणजे घर चालवणारे."

"असं इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगता?"

"नाही."

"मग मलाच का?"

त्याची नजर दाराकडे गेली. उत्तर होतं, ते दिसत होतं. पण बाहेर पुढचा मुलगा ताटकळत उभा होता.

"कळलं," ती उठली. "मला झेपणार नाही, हे तुम्ही फार छान शब्दांत सांगितलंत."

"अहो, ऐका तरी—"

ती थांबली नाही.

त्यानंतर ती त्या खोलीकडे फिरकली नाही. पण त्याचे शब्द काही पाठ सोडेनात. साचे घासताना, मेण वितळवताना ते आठवायचे, आणि तिला राग यायचा. मग हळूहळू लक्षात आलं की राग त्याचा नव्हताच. त्याने सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तिला कोणीतरी फक्त 'हो, जमेल' म्हणायला हवं होतं, म्हणजे उद्या नाही जमलं तर दोष त्याच्या माथी मारता आला असता.

एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने आईजवळ विषय काढला. अर्धा पगार, तुझी औषधं, घरभाडं... आई ऐकून घेत होती. मग हातातली जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "तू आम्हाला सांभाळलंस, खरं आहे. त्याची जाण आहे मला. पण आता आमच्या नावावर स्वतःची भीती खपवू नकोस."

"आई!"

"खोटं बोलले का मी?"

"माझ्या दोन नव्या तुकड्या सुरू होतायत," धाकटी आतून ओरडली. "घरभाडं मी बघते. आणि ताई, बुडायला लागलीस तर शिट्टी वाजव, मी आहे."

कारखान्याच्या मालकीणबाईंना विचारणं त्याहून अवघड होतं. बाई तशा फणसासारख्या, बाहेरून काटे. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "सकाळी उजाडताच येऊन भट्टी लावशील? मग दुपारी जा खुशाल. पण तडकायचं कारण सापडलं की आधी मला सांगायचं. त्या प्रोफेसरांना नंतर."

तिने अर्ज केला. दुसऱ्या यादीत नाव लागलं. पहिला हप्ता भरायला ती विद्यापीठात गेली, तेव्हा त्याच्या खोलीवरूनच वाट होती. दार उघडं होतं. आतून 'आधी बसा' ऐकू आलं. तिची पावलं क्षणभर अडखळली... काय म्हणणार होती ती? रागावून गेले, क्षमा करा? की तुम्ही खरं बोललात म्हणून आले? तिने मान खाली घातली आणि झपाझप पुढे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या जिन्यावर पावलं वाजली.

"इथे पेशंट बघत नाहीत," बाई मान वर न करता म्हणाल्या. "दवाखाना खाली आहे."

"मी पेशंट नाही," दारातून आवाज आला. "मी... चौकशीला आलोय."

तिच्या हातातला साचा निसटता निसटता राहिला. बाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना अचानक खालच्या दुकानात काहीतरी काम आठवलं.

तो उभाच होता, अर्जावरून उतरवलेला इथला पत्ता मुठीत धरून. टेबलावर ओळीने मांडलेल्या दातांकडे बघत म्हणाला, "काल यादीत तुमचं नाव बघितलं. दिवसभर वाट बघितली. तुम्ही माझ्या दारावरून गेलात... आणि आत आला नाहीत."

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"हाक का नाही मारली?"

"कुठल्या तोंडाने मारणार?" त्याने केसांतून हात फिरवला. "दुसऱ्या वर्षी गळतात म्हणालो ना त्या दिवशी... त्यांतला एक मीच. घरी भावाचं आजारपण होतं. एकच सत्र सोडतो म्हटलं, आणि नोकरी धरली. ते सत्र अजून संपलेलं नाही. पुढे कसला चढ आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला कोणीतरी सांगावं असं वाटलं. तुम्ही दमून, स्वतःला दोष देत परत जाताय, हे मला बघवलं नसतं."

"असे कितीतरी जण परत जात असतील."

"जातात. त्यांचं वाईट वाटतं." तो थांबला. "तुमच्या बाबतीत... भीती वाटते."

खालून सायकलच्या घंटीचा आवाज आला. खिडकीतल्या उन्हात प्लास्टरची बारीक धूळ तरंगत होती. तिने हात पुसले. ते स्वच्छ होते, तरी पुसले.

"मला तुम्ही हव्या होतात," तो म्हणाला. "एका वर्षापुरत्या नाही. शेवटपर्यंत."

"विद्यापीठात?"

"तिथेही."

ती हसली नाही. आज पहिल्यांदाच ती दाताकडे न बघता त्याच्या डोळ्यांकडे बघत होती, आणि त्याला ते सोसवत नव्हतं.

"माझी नोकरी कंत्राटी आहे," तो घाईने बोलू लागला, "दर वर्षी धाकधूक असते. भाऊ माझ्याकडेच असतो, त्याचं सगळं मलाच बघावं लागतं. शनिवार-रविवार माझे कधीच मोकळे नसतात. आणि मी विसरभोळा—"

"चांगल्या बाजू काही आहेत की नाही?"

"त्या... लोक आपापल्या शोधून काढतात."

आता मात्र ती हसली. "तुमचं राहिलेलं दुसरं वर्ष? तेही पूर्ण करायचं की नाही?"

"अभ्यासक्रम बदललाय. पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल."

"मग करा."

"त्याला किती—"

"माहितीये. काय काय मोजावं लागतं, ते मला सगळं पाठ आहे. एका माणसाने फार नीट समजावलंय." ती थोडी जवळ आली. आवाज खाली आला. "मला त्या दिवशी राग आला होता. पण घरी गेल्यावर... तुम्ही पुन्हा समजावून सांगायला हवे होतात. रोज वाटायचं."

तिच्या कपाळावर पांढऱ्या धुळीचा एक ठिपका लागला होता. त्याने हात उचलला, मध्येच थांबवला... आणि मग, परवानगी मिळाल्यासारखा, बोटाने अलगद तो पुसला.

जिन्यावर बाईंची पावलं वाजली. मुद्दाम जरा जोरातच वाजत होती.

"काम कधी संपतं?" त्याने कुजबुजत विचारलं.

"अजून थोडं आहे. तुम्ही निघा, उशीर होईल तुम्हाला."

"नाही," तो म्हणाला. "तुझं होऊ दे. मी खाली थांबतो."

तुझं. ती तो शब्द ऐकत तशीच उभी राहिली. मग मान वळवून साचा पुन्हा हातात घेतला, आणि त्याला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाली,

"थांब."